लांब बाह्या

चिमणे,

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू माझ्या हातांवरचे काळेनिळे डाग पाहिलेस आणि मला सांभाळणाऱ्या ताईंना तिथल्या तिथे काढून टाकलंस. "ती तुला धरून ओढते, आणि तू घाबरून बोलत नाहीस," म्हणालीस. तसं काही नाही, हे मी सांगत होते. पण माझं ऐकशील तर ती तू कसली.

परवा डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले. वयानं कातडी पातळ होते, म्हणाल्या. दाराला नुसता हात लागला तरी रक्त साकळतं. अंग घासायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच क्रीम लावायचं. लांब बाह्या घालायच्या.

क्रीम ताई लावायच्या, आणि लावता लावता सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. आता हात पोचतो तिथवर मी लावते. पाठ कोरडीच राहते, आणि त्या सुनेचं पुढे काय झालं तेही कळत नाही.

काल लांब बाह्या घालून तुझ्यासमोर बसले. "बघ, ती गेली आणि डागही गेले," म्हणालीस, आणि किती दिवसांनी अशी निर्धास्त हसलीस. बाह्या वर करणं माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून हेही पाठवत नाही.

तुझी,
आई