तिघांचा एक जून

१ जून, अकोला

डोकं अजून तापलेलंच आहे. पुढारी झालेल्या आमच्या भाऊंनी स्वतःच्या वाढदिवसाची सभा यंदा जुन्या शहरातल्या मुस्लिम वस्तीलगतच का घेतली, हे जाताना कळलं नव्हतं. निवडणूक तोंडावर आली, दुसरं काय!

"या गल्ल्यायमधी घुसखोर लपले हायेत," भाऊ माईकवर ओरडले. "यायचे दाखले पाहा! ज्याचा त्याचा जन्म एक जूनचा. एकाच दिवशी एवढे पोट्टे जन्मतेत काय?"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी कलीम उभा होता, हातात भाऊंसाठी आणलेला हार.

अरे, एक जून! चांदूर बाजारच्या शाळेत आम्हा तिघांचं नाव एकाच दिवशी घातलं. भाऊ, कलीम आणि मी. तिघंही घरी जन्मलेले. कोणाची माय पोळ्याच्या आसपास म्हणे, कोणाची रमजानमध्ये. मास्तरांनी सगळ्यांनाच एक जून लावून दिला. म्हणून तर आज भाऊंचा केक कापला!

विसरला असेल का तो? इतकी वर्षं झाली, माणूस विसरतो... की मीच त्याची बाजू घेतोय?

"आता मले कुठं धाडतीन बे?" कलीमनं हळूच विचारलं.

सभा संपली. वाटलं, भाऊ आता ओळखसुद्धा दाखवणार नाही. पण तो थेट आमच्याकडे आला, कलीमकडून हार घालून घेतला, त्याला छातीशी धरलं आणि हसत म्हणाला, "कलीम, आज तुहाबी वाढदिवस ना बे!"