दादाच्या पिंजऱ्यातली चिंबोरी

बुधवार, दिवेलागण

दादाचं सुतक आज फिटलं. सकाळी वहिनी म्हणाली, "भावोजी, त्यांचा पिंजरा खाडीतच राहिलाय. घेऊन या. मी वाटण करून ठेवते."

दुसऱ्याच्या पिंजऱ्याला आमच्यात कोणी हात लावत नाय, म्हणून दादा गेल्यापासून तो तसाच. होडी घेऊन धरमतरच्या जेटीपलीकडे गेलो. खूण लगेच दिसली. दोरीला बांधलेली त्याची अर्धी निळी चप्पल पाण्यावर हलत होती.

आत एकच चिंबोरी, तळहातापेक्षा मोठी. बाकीच्यांचे नुसते पाय आणि फुटकी कवचं. अडकलेल्या एकेकीला खाऊन ही जगलेली. ही दादाच्या नावानं ताटात वाढायची? नाय जमलं. तिथंच सोडली. पिंजरा घासून धुतला, कवचाचा तुकडाही ठेवला नाय.

अंगणात ठेवून म्हणालो, "वहिनी, रिकामाच होता."

खरं सांगायला हवं होतं का? पण सांगायचं कसं?

ती निळी चप्पल सोडवून पदरानं पुसत बसली. वाटणाचा वास येत होता.

"त्यांचा पिंजरा कधी रिकामा नाय आला, भावोजी. आपल्यातल्याच कोणीतरी आधी उचलला."

आणि माझ्याकडे बघत राहिली.