त्या दाराबद्दल आईचं मत

प्रिय आई, आणि हे तिला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या वहिनी,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी मुद्द्याशी येते न येते तोच तू जेवलीस का म्हणून विचारतेस, आणि मग मी काय जेवले तेच सांगत बसते. म्हणून पत्र. वहिनी, सावकाश वाच, आणि आईने 'पुढे, पुढे' केलं तरी एकही ओळ गाळू नकोस. दादा घरात असेल तर आत्ता ठेवून दे, तो कामावर गेला की वाच. घाबरण्यासारखं काही नाही. मी बरी आहे, नोकरी आहे, खोलीचा नळही दुरुस्त झाला. गोंधळले आहे एवढंच, आणि ते तुम्हाला नवीन नाही.

चष्म्याच्या दुकानात आता मला तयार चष्मे तपासायला बसवतात. काचेचा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायचा आणि डबी पुढे सरकवायची. बाकीचे एकदा बघतात, मी तीनदा बघते. मालक म्हणतात, ब्रह्मदेव आला तरी ही पोरगी त्याला उद्या या म्हणेल. अशा माझ्या हातून काय झालं ते ऐक. शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या माडीवर आमचं वाचक मंडळ जमतं हे तुला माहीत आहे. आठ-दहा माणसं, एक कादंबरी, ज्याने त्याने आपलं मत सांगायचं आणि ग्रंथपालांनी ते नावानिशी वहीत लिहायचं. भिंतीवर एकच नियम चिकटवलेला आहे: वाचल्याशिवाय मत नाही. औषधांच्या दुकानाचे मालक एकदा अर्धीच कादंबरी वाचून आले होते, तर त्यांना दोन तास तोंडाला कुलूप लावून बसवलं. चहा मात्र दिला.

या वेळची कादंबरी तुझ्या ओळखीची. मागे चार दिवस रजा काढून आले होते तेव्हा तू इस्त्री करत होतीस आणि मी वाचून दाखवत होते, ती खाणावळवालीची. आठवतं? तिचा मुलगा शिकायला जातो, तिकडेच मोठा होतो आणि बारा वर्षांनी न कळवता परत येतो. दार वाजवतो. ती आत असते, दिवा लागलेला असतो, त्याचा आवाज ती ओळखते, आणि दार काही उघडत नाही. तिथेच कादंबरी संपते. मी पुस्तक मिटलं तेव्हा तू कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होतीस. वरही न बघता म्हणालीस, अगं, घर आवरलेलं नसेल तिचं. एवढा शिकून आलेला लेक, त्याला काय तो पसारा दाखवायचा? मला हसू आलं होतं. मी म्हटलं, आई, ही एवढी मोठी कादंबरी आहे, पसाऱ्यावर कशी संपेल? तू म्हणालीस, बरं बाई, तू शिकलेली.

मंडळात त्या दारावरून दीड तास गेला. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, हा सूड आहे, थंड डोक्याने घेतलेला. औषधवाले म्हणाले, बाईला ऐकू कमी येत असावं, लेखक लिहायला विसरला. पोस्टमनकाका म्हणाले, अभिमान, दुसरं काय. मग सगळे माझ्याकडे वळले. आई, खरं सांगते, माझ्याकडे माझं असं मतच नव्हतं. कादंबरी दोनदा वाचूनही नव्हतं. आणि तोंडातून तुझं वाक्य बाहेर पडलं, अगदी तुझ्याच शब्दांत, फक्त 'अगं' वगळून.  मग बाई म्हणाल्या, दहा वर्षांत या खोलीत असं मत मी ऐकलं नाही. ग्रंथपालांनी ते वहीत लिहिलं. खाली माझं नाव. आणि मी गप्प बसले.

दोन आठवडे मला घास गोड लागला नाही. एकदा वाटायचं, घरातलंच तर आहे, तुझं काय आणि माझं काय. लगेच वाटायचं, तुझ्या पेटीतली साडी न विचारता नेसून मी मिरवते आहे. शेवटी गेल्या शनिवारी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. ते मत माझ्या आईचं आहे, ती इस्त्रीचं काम करते, तिला वाचता येत नाही, मी वाचलं आणि तिने ऐकलं. मला वाटलं होतं, मला रागावतील आणि प्रश्न मिटेल. पण मी बाजूलाच राहिले आणि तुझ्यावरून जुंपली. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, आज ऐकलेलं चालवून घेतलं तर उद्या कुणी स्वप्नात पाहिलेलं घेऊन येईल, ते मत खोडा. पोस्टमनकाका कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. म्हणाले, मी हयातभर लोकांना पत्रं वाचून दाखवली. कुणाला जावई मिळाला ते, कुणाचं माणूस गेलं ते. ज्यांनी नुसतं ऐकलं त्यांची ती पत्रं नव्हती का? औषधवाले म्हणाले, ते राहू द्या, मग मला दोन तास गप्प का बसवलं? ग्रंथपालांनी माझं नाव खोडलं, मत तसंच ठेवलं आणि नावाची जागा कोरी सोडली. निघताना बाईंनी मला जिन्यात थांबवलं. त्यांचा आवाज उतरला होता. म्हणाल्या, नियमाचं आम्ही बघू. पण आम्हाला कुणालाच दिसलं नाही ते तुझ्या आईने कसं ओळखलं, एवढं तिला विचार.

आई, तेव्हापासून माझा खरा गोंधळ सुरू झाला. कारण विचारायच्या आधीच मला उत्तर दिसायला लागलं, आणि ते चुकीचं निघावं असं वाटतं. गेल्या महिन्यात वहिनी फोनवर सहज बोलून गेली की मी येणार म्हटलं की आई आधीचे दोन दिवस कुणाचं काम घेत नाहीत, घर झाडत बसतात. (वहिनी, तुझं नाव घेतलं, रागावू नकोस.) मी समजत होते घर हल्ली नीटनेटकं असतं ते वहिनी आल्यापासून. मग मला दोन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. वहिनी तेव्हा घरात आलेली नव्हती. दुकानातून तुझ्यासाठी पहिला चष्मा करून घेतला होता आणि तुला चकित करायला न कळवता आले होते. दार वाजवलं. तू कोण म्हणून विचारलंस, मी म्हटलं, मी. आणि मग पाव तास काही नाही. आतून पेटी सरकवल्याचा आवाज, झाडूचा आवाज. मी पायरीवर डबी धरून उभी. मला वाटलं, तुझ्या मनाविरुद्ध इतक्या लांब नोकरी धरली, त्याचा राग काढते आहेस. दार उघडलंस तेव्हा केस विंचरलेले होते आणि तू मला 'बसा' म्हणालीस. आपण दोघी हसलो. संध्याकाळी खाटेखाली गिऱ्हाइकांचे धुतलेले कपडे चुरगळून कोंबलेले दिसले, तर वर मीच तुला म्हणाले, आई, हल्ली तू निष्काळजी होत चाललीस.

त्याच्याही आधीच्या खेपेला मी काय बोलले होते तेही आठवलं. वसतिगृहातून आले होते, पिशवी ठेवायला जागा शोधत होते आणि म्हणाले, आई, माणसाला बसायला जागा तरी ठेवत जा. सहज बोलले. कपड्यांच्या त्याच ढिगावर मी लहानपणी झोपायचे, गरम चादरींवर. बाई विचारतात तुला कसं कळलं, आणि मला वाटतं, तुला ते मीच शिकवलं. मंडळासाठी मला उत्तर नको आहे, त्यांना काय सांगायचं ते मला अजून कळत नाही. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं की येत्या शनिवारी मी माडीवर जाणार नाही, दुपारच्या गाडीने घरी येते आहे. वहिनी, ही ओळ दोनदा वाच: त्या दिवसाचं काम परत पाठवू नका, आणि आईला झाडू दिसू देऊ नकोस. आई, खाटेवर कपडे असतील तसेच असू देत. मी दार वाजवलं की हातातली इस्त्री उभी कर आणि उघड. मी कडेला मावेन. तू इस्त्री करत जा, मी घड्या घालते.

तुझीच,
शंकेखोर लेक