निया, यांना सांग

८ जानेवारी, गुरुवार
माजिवड्याच्या सर्व्हिस सेंटरमधले गायकर म्हणाले, "काका, गारी कधी ऐकत नाय ते तारीख-टायम टाकून लिवून ठेवा. मंग बगू." म्हणून ही वही. तेहतीस वर्षं केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला काढली. लॉगबुक कसं लिहायचं ते मला कोणी शिकवू नये.
तक्रार : इलेक्ट्रिक गाडी, वय सहा महिने. 'हॅलो निया' किंवा नुसतं 'निया' म्हटलं की आतली बाई जागी होते आणि सांगू ते काम करते. म्हणजे करायची. आता मी बोललो तर ढिम्म.
स. ८.१०, माणकोली पूल. मी : "हॅलो निया, एसी बावीस." काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा ओरडून. सु.ने (सुनंदा, माझी बायको, गायकरांना कळावं म्हणून लिहिलं) खिडकीबाहेर बघत हळूच म्हटलं, "हॅलो निया, एसी सव्वीस." लगेच गोड आवाजात, "तापमान सव्वीस केलं आहे."
घाम पुसत ठाणं गाठलं. तिला ऑफिसला सोडलं. ती उतरताना काही बोलली नाही.

९ जाने., शुक्र.
हे पान गायकरांना दाखवायचं नाही.
घरात अबोला चालू आहे. आज दिवस चौदावा. कारण : सासूबाई आंबिवलीला एकट्या राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. डिसेंबरात न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण तीन तास तशाच पडून होत्या. शेजारीण दूध द्यायला आली तेव्हा कळलं. सु. म्हणाली, आईला आपल्याकडे आणू. मी म्हणालो, आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दुसरा मजला, त्यांना झेपणार नाही.
एवढंच बोललो. यात वाईट काय ते अजून मला समजलेलं नाही.
(समजलंय. लिफ्ट हे निमित्त. दुसऱ्या खोलीत माझं टेबल आहे, सोल्डरिंगचं सामान, अकरा रेडिओ, पैकी चार चालतात. ती खोली द्यावी लागेल. सु.ला हे मी न सांगता कळलं. तीस वर्षांच्या संसाराचा हा तोटा.)

१० जाने., शनि.
लॉग नीट हवा तर मागचं लिहायला हवं. अबोला सुरू झाला तेव्हा गाडी दोघांचंही ऐकत होती. पूर्वी चिन्मय घरात होता, तेव्हा अबोल्यात निरोप त्याच्यामार्फत जायचे. "तुझ्या बाबांना सांग, जेवण झालंय." आता तो हैदराबादला. मग सु.ने निया धरली. "निया, यांना सांग, डावीकडे घ्या." निया म्हणते, "माफ करा, मला हे समजलं नाही." पण मला समजतं. मी डावीकडे घेतो. व्यवस्था वाईट नव्हती.
मग मीही सुरू केलं. "निया, तिला सांग, मला ऐकू येतं."
नियाने माझं शेवटचं ऐकलं तो दिवस : २९ डिसें. स. ८.१५. शब्द : "निया, तिला सांग, लिफ्ट नसलेल्या घरात म्हाताऱ्या माणसाला आणणं म्हणजे त्याचे हाल करणं." निया म्हणाली, समजलं नाही. संध्याकाळी सु.ने गाडीची किल्ली उचलली, पंधरा मिनिटं खाली गाडीत बसून आली. हातात छत्री, तीच आणायला गेल्यासारखी. डिसेंबरात छत्री!
३० डिसें.पासून बिघाड. या दोन्हींचा संबंध दिसत नाही.

११ जाने., रवि.
चिन्मयला फोन. तो म्हणाला, "बाबा, स्क्रीन बंद करून परत चालू करा." केलं. फरक नाही. म्हणाला, "मग फॅक्टरी रीसेट." ते मी करणार नाही, दीडशे गाणी लावून ठेवली आहेत. मग म्हणाला, "आई फोनवर का येत नाहीये?" म्हटलं, ती देवळात गेली आहे. ती माझ्या समोर पालक निवडत होती.

१२ जाने., सोम.
शक्यता क्र. १ : माझा आवाज जाड, माइक पातळ आवाज पकडतो. दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून बायकी आवाजात "हॅलो निया" म्हणून बघितलं. सात वेळा. सातव्या वेळी काच टकटक. वॉचमन. "काका, बरं वाटतंय ना?"
शक्यता क्र. २ : भाषा. हिंदीत सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. साजूक पुणेरीत सांगितलं, "कृपया वातानुकूलन सुरू करावे." काही नाही.
शक्यता क्र. ३ : धूळ. छतावरच्या माइकची जाळी जुन्या टूथब्रशने साफ केली. ब्रश सु.चा निघाला. जुना समजलो होतो.

१४ जाने., बुध., संक्रांत
अबोला दि. १९. तिळगुळाचं काय होणार याची सकाळपासून धाकधूक. सु.ने सगळ्या बिल्डिंगला वाटला, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत. वॉचमनलासुद्धा. माझ्या वाट्याचा चहाच्या बशीत ठेवला होता, दोन वड्या. पुढचं वाक्य नाही. वड्या उत्तम झाल्या होत्या, तेही सांगता आलं नाही.
मी तिळगूळ द्यायला गेलो तर ती गच्चीत पापड उलटवत होती. वडी पापडांशेजारी ठेवून आलो. संध्याकाळी वडी नव्हती. कावळ्याने नेली की तिने घेतली, कळायला मार्ग नाही.

१५ जाने., गुरु.
मोठा शोध!! सु.ला सोडून परत येताना मानपाड्याजवळ गाडी बाजूला घेतली, उतरलो, तिच्या सीटवर जाऊन बसलो. "हॅलो निया, एसी बावीस." "तापमान बावीस केलं आहे."
इतका आनंद झाला की आणखी तीनदा एसी बदलला. म्हणजे माझ्या आवाजात दोष नाही. जागेत दोष आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा माइक मेला आहे. तेहतीस वर्षं उगाच नाही काढली.
घरी जाऊन कोणाला सांगावं, हा प्रश्न पडला. चिन्मयला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

१७ जाने., शनि.
मला बाजारातल्या दुकानातून फ्यूज आणायचे होते. सु. गाडीत बसली, "हॅलो निया, आंबिवलीला चल." नकाशा आंबिवलीचा. मी मनात म्हटलं, नकाशा काय, मी माझ्या रस्त्याने जाईन. फ्यूजचं दुकान आलं, गेलं. पाय ब्रेकवर जाईना. गेलो आंबिवलीला.
सासरे जवळच्या मोहने गावच्या कारखान्यात होते, तेव्हापासूनची ती खोली. सासूबाई काठी घेऊन दारात. "या दिनकरराव. मिक्सर बघता का जरा, वास येतोय." बघितला. कार्बन ब्रश झिजलेत.
हात धुवायला न्हाणीघरात गेलो तर कॉटपासून न्हाणीघराच्या कडीपर्यंत जुन्या साडीचा पीळ घालून दोरी बांधलेली. दर हातभर अंतरावर गाठ. "रात्री अंधारात धरायला," म्हणाल्या. "गाठी मोजल्या की कळतं, किती राहिलं." मी गाठ ओढून बघितली. एकही सैल नव्हती. आमच्या कंपनीतल्या फिटरने इतकी चोख बांधली नसती.
मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ही बाई न्हाणीघरापर्यंत स्वतःची वाट स्वतः बांधते, आणि मी अकरा रेडिओंचा पहारा देत बसलोय.
परतताना गाडीत बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि निघालं, "हॅलो निया..." निया ऐकेना. सु. बाहेर बघत होती. बोललोच नाही मग.

१८ जाने., रवि.
खोलीत बसून रेडिओ मोजले. चालणारे चार, त्यातला एक खरखरतो. म्हणजे तीन.

२१ जाने., बुध.
स. ८.२०. सु. : "निया, यांना सांग, काच वर करा, धूळ येतेय." नियाने स्वतःच काच वर केली. काम झालं, निरोप राहिला. माझी गरज कुठेच उरली नाही असं वाटलं क्षणभर.

२४ जाने., शनि.
माजिवडा. एकटाच गेलो. ही वही (निवडक पानं) गायकरांपुढे ठेवली. निदान सांगितलं : ड्रायव्हर बाजूचा माइक निकामी, वायरिंग तपासावं, बहुधा कनेक्टर सैल. त्यांनी आदराने ऐकलं. मग गाडीत बसले, स्क्रीनवर दोन-तीनदा बोट फिरवलं. चाळीस सेकंद. मी घड्याळ लावलं होतं.
"काका, माइक बिघरला नाय. बंद केलाय."
"म्हणजे?"
"सेटिंगमंदी हाय ना, कोनाचं ऐकायचं. डायवरचं नाय, बाजूवाल्याचं आयकायचं, असं केलंय कोनीतरी. घरान अजून कोन वापरतं?"
मी म्हटलं, "बायको."
गायकरांनी माझी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाले, "वैनी भांडलीय?" मी म्हटलं, नाही, बोलतच नाही. ते म्हणाले, "मंग बरोबर."
पार्किंगमधला बायकी आवाज, टूथब्रश, पुणेरी मराठी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आणि राग यायला हवा होता, तो येईना. मी दोन आठवडे माइक शोधत होतो. तिने पंधरा मिनिटांत मला बरोबर जागी बंद केलं. इन्स्ट्रुमेंटवाल्याची बायको शोभते.
"चालू करू का, काका?"
बोट स्क्रीनवर तयार होतं त्यांचं. मी म्हटलं, "राहू दे."
"आयकनार नाय मंग तुमचं."
"ज्याला ऐकवायचंय त्याला ऐकू जाईल," म्हटलं. म्हणायला सोपं. घरी पोचेपर्यंत वाक्य पाच वेळा जुळवलं, पाचही वेळा त्यात 'निया' आली.

२५ जाने., रवि.
काही बोललो नाही. रेडिओ मात्र खोक्यात भरायला घेतले. सु. दारातून दोनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा जुनी वर्तमानपत्रं ठेवून गेली, गुंडाळायला.

२८ जाने., बुध.
खोली निम्मी रिकामी. अजून बोललो नाही. माणकोली पुलावर म्हणणार होतो, मागून टँकरने हॉर्न दिला. माझ्यासारखा भित्रा माणूस नाही.

१ फेब्रु., रवि.
लिहून टाकतो, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं आठवेन.
सकाळी चहा पिताना, कप हातात असताना, एकदम म्हणालो, "अगं, आईंना आणू या." कसलीही प्रस्तावना नाही. सु.ने पोळीचा गोळा परातीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. हात धुतले, साडी बदलली, जाऊन गाडीत बसली. म्हटलं, ठीक.
आंबिवलीला पोचलो. तिथे नवीनच. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही येत." सु. म्हणाली, आई, असं काय करतेस. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लेकीच्या घरी लेकीच्या बोलावण्यावर जायचं नसतं. जावयांनी एकदा तरी तोंडाने म्हटलंय का?"
म्हणजे बायकोला म्हणून भागणार नव्हतं. तिथे ना निया होती ना चिन्मय. कॉटवर सासूबाई, दारात सु., मध्ये मी आणि ती साडीची दोरी. मी शर्टाचं वरचं बटण लावलं. कंपनीत जनरल मॅनेजरपुढेही कधी लावलं नव्हतं.
म्हटलं, "आई, आमच्याकडे चला राहायला. लिफ्ट नाही."
"एकदा चढले की चढले. मी काय रोज बाजाराला जाणारे?"
"मी लिफ्टचं म्हणालो ते खरं नव्हतं. मला खोली सोडायची नव्हती."
हे कुठून आलं कोण जाणे. जुळवलेल्या वाक्यांत नव्हतं. सु. माझ्याकडे बघत होती, मी दोरीकडे. सासूबाईंनी बराच वेळ काठीचं रबर तपासलं. मग म्हणाल्या, "बघते. बुधवारी सांगते." आणि मला बेसनाचा लाडू दिला, एकच. सु.ला दोन.
येताना पत्री पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या. बुधवारी त्या नाही म्हणाल्या तर काय, हाच विचार. हो म्हणाव्यात असं मला मनापासून वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा मीच दचकलो. किती वेळ गेला माहीत नाही.
"अहो," सु. म्हणाली. "पुढची गाडी गेली."
मी गाडी पुढे घेतली.