मदरची खाज आणि सोळा भाज्या

लातूर,
घटस्थापनेनंतरचा बुधवार

प्रिय सिंधु,

वसतिगृहाच्या मागच्या ओसरीवर रविवारी न्हाऊन आपण केस वाळवत बसायचो, आणि तू तुझ्या लाकडी फूटपट्टीने माझी पाठ खाजवून द्यायचीस, आठवतं? ‘वर, आणखी वर, आता डावीकडे,’ असं मी म्हणायचे आणि तू मुद्दाम उजवीकडे जायचीस. मग मदर सुपीरिअर आल्या की पट्टी पाठीमागे लपवून दोघी भूगोल वाचायला लागायचो (पुस्तक उलटं). परवा ते सगळं आठवलं आणि वाटलं, सिंधुला पत्रच लिहावं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझे गुडघे कसे आहेत? बापूसाहेबांना सादर नमस्कार, आणि त्यांची साखर आटोक्यात असेलच, कारण ती तुझ्या ताब्यात आहे. तुझी मुग्धा परदेशी रुळली ना? ती गेल्यापासून घर खायला उठतं, करायला काही कामच उरलं नाही, असं बापूसाहेब मागे फोनवर म्हणाले होते. (हे वाक्य लक्षात ठेव.) मी ठणठणीत आहे. ठणठणीत नाही ती मदर.

तू तिला पाहिलेलं नाहीस. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात ही मांजर कुंपणावरून आत आली आणि राहिली. अंग काळं, गळ्याशी पांढरा पट्टा, चाल सावकाश, आणि आपलं काहीतरी चुकलंय अशी खात्री पटवणारी नजर. दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास ती खाजवायला लागली आणि दिवाळीनंतर आपोआप थांबली, म्हणून मी विसरून गेले. यंदा श्रावण लागला आणि पुन्हा तेच. आधी कानामागे, मग हनुवटीखाली, मग पोट चाटून चाटून तळहाताएवढं टक्कल, आणि एक दिवस मानेवर रक्त. अंबरीशला (माझा मुलगा, पुण्यात राहून माझं लातूरचं घर चालवतो) व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर तो म्हणाला, “आई, तिला देवणीला शेतावर सोड. शेषेराव बघतील.” शेषेराव आमची शेती बघतात, माणूस भला आहे, पण ते बैलांच्या माना बघणार की मांजरीची? शेवटी दिवाळीपर्यंत बरी झाली नाही तर बघू, असं ठरलं. म्हणजे मदरचा या घरातला मुक्काम दिवाळीपर्यंतच्या बोलीवर आहे, आणि हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

मी आधी घरचा उपाय केला. खोबरेल तेलात हळद कालवली आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळली. पांढरा पट्टा पिवळाधमक झाला. ती तडक भिंतीवरून शेजारच्या वीरण्णांच्या अंगणात गेली आणि वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र धोतरात लोळली. वीरण्णा मूळचे निलंग्याचे, रागावले तरी हसतच रागावतात. धोतर हातात घेऊन फाटकाशी आले आणि म्हणाले, “अक्का, हळद तर लागली. लगीन कधी हाय मांजरीचं?” उरलेली हळद मदरने चाटून खाल्ली आणि माझ्या चपलेत ओकली.

मग टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. आमच्या पुढे एक देवणी वळू, मागे दोन शेळ्या. मदरने वळूकडे अशी काही नजर टाकली की तो दोन पावलं मागे सरला. डॉक्टर मुखेडकडची, उज्वला नावाची पोर, हाताने हलकी आणि तोंडाने फटकळ. तिने बारीक फणी फिरवून आधी पिसवा दाखवल्या (मला शरमेने मेल्यासारखं झालं), मानेवर टाकायचं औषध दिलं, आणि सांगितलं की पिसवा तर आहेतच, पण दरवर्षी याच दिवसांत होतंय म्हणजे हवेतलंही काहीतरी सोसत नसणार, बहुधा गाजरगवत. बाहेरून आली की ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसायचं. हळद नाही, तेल नाही, माणसाची गोळी तर अजिबात नाही. खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. आणि खाण्याचीही शंका नको म्हणून आठ आठवडे पिशवीतलं एकच औषधी खाणं, दुसरा घास नाही, रोज काय खाल्लं ते वहीत खरं खरं लिहायचं. खरं लिहिण्याबद्दल मला सांगायची गरज नव्हती, आपण कुठल्या शाळेतल्या!

सहा दिवस वही नमुनेदार चालली. मग महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी वीस बायका घरात, सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील. मी दारावर पाटी लावली होती, ‘मांजरीला काही देऊ नये.’ पाटी वाचून प्रत्येकीला मांजरीची आठवण झाली. “लक्ष्मीच्या दिवशी दारातलं जनावर उपाशी ठेवतेत व्हय?” म्हणत जी ती नरसाळ्यात घास टाकायची, आणि नरसाळ्यात पडलेलं थेट तोंडाशीच जातं, तशी सोयच आहे ती. मदरने खाल्लं किती आणि हुंगलं किती ते कळेना, म्हणून मी सगळंच लिहिलं. पडवळ, कारलं, शेपू, आंबाडी, करत करत दीड पान. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरने ते वळूवाल्यांसमोर मोठ्याने वाचलं. “मावशी, एकच खायला घाला म्हनलं होतं. तुम्ही तर पंगत बसवली.” मग आठ आठवडे पुन्हा पहिल्या दिवसापासून.

गाजरगवत होतं वीरण्णांच्या रिकाम्या प्लॉटवर, मदर सकाळभर तिथेच लोळायची. मी विनवणी केली तेव्हा बिचाऱ्यांनी उघड्या हातांनी सगळं उपटलं, आणि तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत खाजवत माझ्याबरोबर त्याच दवाखान्यात आले. “आलोच हाय तर माझं बी बघा.” “काका, मी जनावरांची डॉक्टर हाय.” “मग काय झालं? खाज तर एकच हाय की.” डॉक्टरने त्यांना माणसांच्या दवाखान्यात धाडलं. आता दोघंही सुधारताहेत. मदरची जखम सुकली, नरसाळं निघालं, टकलावर मखमलीसारखी लव आली आहे. एकूण सगळं छान चाललं आहे, तुला काही करायचं नाही, फक्त कळवावंसं वाटलं.

तुझीच,
सरोजिनी

ता. क. सोमवारी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घाबरू नकोस, अर्ध्या तासाचं काम. पण डोळ्याच्या डॉक्टरने घरात कुत्रं-मांजर आहे का विचारलं, आणि मी खरं सांगितलं. महिनाभर मांजर जवळ नको म्हणाले. अंबरीशने लगेच शेषेरावांना फोन लावला. तेव्हा मी त्याला सांगितलं की सिंधुने मदरला स्वतःहून मागून घेतलं आहे, अगदी हट्टच धरला आहे. त्याचा फोन आला तर हट्ट धरलेलाच ठेव.

ता. क. २. महालक्ष्म्यांचं पुरण मात्र मी स्वतः दिलं होतं. ती माझ्याकडे बघत होती गं.

ता. क. ३. हे पत्र आणणारे बालाजी भावजी, माझे धाकटे दीर. त्यांच्याकडे दिलेल्या वस्तूंत गोंधळ नको. कारळाची चटणी तुला. हिरव्या झाकणाची डबी बापूसाहेबांच्या टाचांसाठी, निळ्या झाकणाची मदरच्या मानेसाठी, अदलाबदल झाल्यास मी जबाबदार नाही. चार मऊ फडकी बापूसाहेबांना, पंजे पुसायला, त्यांना काम हवंच आहे. खाण्याची पिशवी आणि वही तुला. भाऊबीज उलटून जाईपर्यंत दुसरा घास नाही, चिवडाही नाही, आणि लिहिशील ते खरं. लाकडी फूटपट्टी बघून दचकू नकोस. मागे ब्लेडने तुझंच नाव कोरलेलं आहे, शाळा सुटली त्या दिवशी मी ती माझ्या ट्रंकेत घातली होती. ती मदरला, संध्याकाळी हनुवटीखाली, हलक्या हाताने. तिने मान डावीकडे केली तर मुद्दाम उजवीकडे जाऊ नकोस, ती एकटी पडलेली असेल.

झाकणाची टोपली अजून भावजींच्या गाडीत आहे. आधी पत्र, मग चहा, मग टोपली, असं त्यांना बजावलं आहे. टोपली तुला. उघडण्याआधी पुढचं दार लावून घे.