आरसे कुठले ते लिहिणारच

शुक्र. ३ जाने. २००३
संक्रांत तोंडावर आणि आज दुकानात वजनमापेवाले साहेब. हळदीकुंकवाच्या वाणाचे छोटे आरसे उलटेपालटे करून पाहिले. "आणला कोणी? पत्ता, महिना, किंमत? काहीच कसं नाही?" मुळात प्रत्येकावर चिकटवलेली पट्टी होती. तिच्यावर हे सगळं होतं, शिवाय 'चीन'. माझ्याकडे कामाला असलेल्या कुसुमताईंनी खोबरेल लावून एकेक सोडवली, कारण किमतीसकट वाण कोणी देत नाही. आणि हे शिकवलं कोणी? मीच. गंगापूर रोडला दुकान काढल्यापासून गिऱ्हाइकाला ऐटीत सांगते, "वाणाचं ना? किंमत काढून देते." किमतीबरोबर बाकीचंही जातं, हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात येऊ नये! गाढव आहे मी.
आरसे सीलबंद. आठवड्यात लेखी खुलासा द्यायचा.
साहेब निघताना विचारलं, देश लिहायचा की नाही? म्हणाले, "देश आमच्या यादीत नाही." कमाल आहे. आणणाऱ्याचा पत्ता हवा, बनला कुठं ते नको.

शनि. ४
त्याच मालाचा दुसरा खोका माळ्यावर होता, न फोडलेला. कु.ताईंच्या समोर फोडला. एकाही आरशावर पट्टी नाही! म्हणजे हा आलाच तसा. घाऊकवाल्या शेठना फोन केला. "ताई, चीन वाचलं की बायका नाक मुरडतात. तुमच्याच सोयीसाठी कोरा पाठवला."
माझ्या सोयीसाठी. वा.
पहिला खोका माझी चूक, दुसरा त्यांची लबाडी. हिशेब सरळ आहे.

सोम. ६
शेठ स्वतः आले, टाइप केलेला कागद घेऊन. सगळ्या मालावर पट्ट्या होत्या, कामवाल्या बाईने मालकिणीला न विचारता काढल्या, वगैरे. मी फक्त सही करायची. दंड झाला तर शेठ भरणार. सही नाही, तर संक्रांतीच्या मालाचा टेम्पो नाही. वर्षाची निम्मी विक्री या महिन्यात होते, हे त्यांना पक्कं ठाऊक.
चहा विचारला नाही. पहिल्यांदाच.
जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचं उत्तर, "कर की सही. तिचं नाव गेलं तर तिला काय फरक पडतो? तिचं कुठं दुकान आहे?" ताट सारून उठले. शेठचा राग आला त्याहून ह्यांचा जास्त आला.
सही करणार नाही. नाही म्हणजे नाही.

मंगळ. ७
कु.ताईंपासून लपवून कसं चालेल? सगळं सांगितलं. मूळच्या पेठ तालुक्यातल्या, बोलणं मोजकं. "लिहा माझं नाव ताई. मला कोण वळखतं? दुकान चालू ऱ्हायला पायजे." मी ओरडलेच त्यांच्यावर. मग लाज वाटली. त्या फडकं घेऊन बरण्या पुसत बसल्या, पुसलेल्याच.

गुरु. ९
खुलासा नेऊन दिला, पोच घेतली. लिहिलं ते असं: एका खोक्यातल्या आरशांवरच्या पट्ट्या माझ्या सांगण्यावरून काढल्या, चूक माझी. दुसरा खोका कोराच आला. माझ्याकडे कामाला असलेल्या बाईंनी सांगितलेलं काम केलं, त्यांचा दोष नाही.
टेम्पो आला नाही. नको येऊ दे.
मेनरोडच्या बाजारातून साबणदाण्या आणल्या, त्याही चीनच्याच, पण पट्टीवाल्या. पट्ट्यांना हात लावायचा नाही. नुसती किंमत झाकायला कागदाची चिमुकली घडी, गिऱ्हाइकाने घरी पाहिजे तर काढावी. आणि काचेवर पाटी: चीनचा माल चीनचा म्हणूनच मिळेल. यादीत नसेना का. माझ्या यादीत आहे.

शनि. ११
इंदिरानगरच्या एक बाई, दरवर्षी चार डझन नेणाऱ्या. "अहो, बायका काय म्हणतील, हिनं चीनचं वाण दिलं!"
"मग चीनचं देऊ नका. स्टीलच्या वाट्या आहेत."
"वाट्या महाग पडतात हो."
"मग चीनचं द्या."
फणकारून गेल्या. रिकाम्या हाताने. आमचे हे दुकानात आले होते, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. संध्याकाळी गल्ला दोनदा मोजला, दोन्हीदा कमीच, खोटं कशाला बोलू.

बुध. १५
सुनावणीचं पत्र. उद्या ११ वाजता. शेठनाही बोलावलंय. म्हणजे ते सांगणार सगळ्यावर पट्ट्या होत्या, मी सांगणार दुसऱ्या खोक्यात नव्हत्या.
कु.ताई म्हणाल्या, खुलासा वाचून दाखवा. दाखवला. ऐकून खुश होतील वाटलं होतं. कपाळाला आठी.
"ह्यात माझं नावच नाय?"
"तुम्हाला त्रास नको म्हणून नाही घातलं."
"पट्ट्या म्याच काढल्या ना? मग लिहा, कुसुमनं काढल्या. आन् दुसरा खोका कुसुमच्या म्होरं फोडला, त्यात काय बी नव्हतं, हे पण लिहा. नाव नाय तर माझं कोण ऐकंल?"
तिला काय फरक पडतो म्हणणारे हे, आणि नाव झाकून तिला वाचवायला निघालेली मी. एकाच माळेचे मणी दोघं.
नवीन कागद घेतला. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं, गावाचं, त्या सांगतील तसं लिहिलं. खाली सही करायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी पेन धरू का विचारलं तर हात झटकला.
उद्या हळदीकुंकवाच्या ऐन गर्दीत शटर खाली राहणार. निकाल काय लागेल, कोण जाणे. दोघी जातोय. आधी त्या बोलणार आहेत.