पडद्याआडचा अंगठा

वकीलसाहेब,

नोटरीचा नवा कायदा लागू झाला तेव्हा मला अर्ज करायला लावलं ते तुम्हीच. "वकिलीत दहा वर्सं घासली ना? मंग आता वाट कायची पायतं?" असं म्हणून कोरा कागद पुढे सरकवलात. वकिलीची वर्षं भरली होती, पण अर्जावर मॅजिस्ट्रेट, बँकेचे मॅनेजर, एक व्यापारी आणि गावातले दोन मानाचे रहिवासी यांच्या सह्या लागायच्या. मग सरकार हरकती मागवणार, चौकशी करणार आणि ठरवणार. व्यापाऱ्याची सही तेवढी राहिली होती, म्हणून तुम्ही मला आसेगावला, तुमच्या जुन्या पक्षकाराकडे घेऊन गेलात.

शेठजी पेन हातात घेतात आणि थांबतात. "सई तं करतोच. पयले आमचं येवढं उरकून टाका." त्यांच्या विधवा भावजयीचं हक्कसोडपत्र, नवऱ्याच्या वाटणीचं शेत तिने दिराला सोडलं, असा मजकूर. लिहिलंय तुम्ही, म्हणून अंगठा तिचाच आहे अशी ओळख दुसऱ्या वकिलाने, म्हणजे मी द्यायची. आतल्या दाराचा पडदा हलतो, एक हात बाहेर येतो, अंगठ्याला शाई आधीच लावलेली. या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. मी म्हणतो, "त्याइले दोन शब्द बोलू द्या." शेठजींच्या कपाळाला आठी पडते. "आमच्या घरच्या बाया परक्या मानसासंग बोलत नाईत." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "कर ना बापा सई. मी ओयखतो या घराले." माझ्या तोंडून निघून जातं, "साहेब, ओयख घराची नाई, बाईची द्या लागते." चहावर साय धरते. मग पडद्याआडून आवाज येतो, "कागदात काय लिवलं, मले वाचून दाखवा."

मी वाचतो. शेताच्या चतुःसीमा येतात तोवर हात तिथंच आहे. 'कायमचा' हा शब्द येतो आणि हात आत जातो. शेठजींनी पेनाला टोपण लावलं. माझा अर्ज तसाच पिशवीत गेला.

परतीची मोटार वाशीमला थांबली. उतरताना तुम्ही म्हणालात, "तुले नोटरी कायले व्हाचं हाये? कीर्तनकार होय." मला तुमचा भयंकर राग आला, आणि चार लोकांत तुम्हाला खाली पाहायला लावलं म्हणून रडूही आलं. वकिली तुम्हीच तर शिकवलीत. पुढे दुसऱ्या एका व्यापाऱ्याची सही मी एकट्याने फिरून मिळवली. हरकत कोणी घेतली नाही. शिक्का हाती आला तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. तो हातात घेतलात, उलटसुलट पाहिलात, परत दिलात. आसेगावचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही.

आता माझ्या हाताखालची पोरं विचारतात, "माणूस समोर आल्याशिवाय, कागद वाचून दाखवल्याशिवाय शिक्का नाही, ही सवय तुम्हाला कोणी लावली?" मी तुमचं नाव सांगतो. आसेगावची हकिकत रंगवून सांगतो, फक्त त्यात "बाईले बोलू द्या" म्हणणारे तुम्ही असता आणि घाई करणारा मी. साहेब, नोटरी म्हणून अशी साक्ष मी कोणाची चालवून घेतली नसती. तुमच्याबाबतीत ती मीच देत आलो, आणि पुन्हा कोणी विचारलं तरी तेच सांगेन.